कानातला ओळंबा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचे रंगकाम संपल्यावर आजोबांची तसबीर पुन्हा भिंतीवर चढवायची होती, आणि ती सरळ बसली की नाही यावरून पाऊण तास गेला. बायको स्टुलावर उभी होती. मी, कंबर धरल्यामुळे, दिवाणावर उजव्या कुशीवर पडून "डावीकडून जरा खाली घे" अशा सूचना देत होतो. चौथ्या सूचनेला ती म्हणाली, "अहो, आधी उठून नीट बसा, मग सरळ काय ते सांगा." शेवटी रंगाऱ्यांबरोबर आलेल्या गवंड्याचा ओळंबा व्हरांड्यात पडला होता, तो चौकटीशेजारी धरला, आणि त्याने तिच्या बाजूने कौल दिला. आडवा माणूस घड्याळ वाचू शकतो, पेपर वाचू शकतो, मग तसबिरीबाबतच त्याचे मत बाद का, हा सल मात्र माझ्या मनात राहिला.

ओळंबा प्रत्येकाच्या कानात असतोच. आतल्या कानात, ऐकण्याच्या शंखाकृती नळीला लागून, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्या पिशव्या असतात. नलिका डोके फिरल्याची वर्दी देतात. डोके किती कलले हे सांगणे पिशव्यांचे काम. त्यांच्या आत सूक्ष्म केस असलेल्या पेशी, त्यांवर चिकट थर, आणि त्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात त्याच द्रव्याचे, असंख्य कण पसरलेले असतात. डोके कलले की हे कण आपल्या वजनाने सरकू पाहतात, केस वाकतात आणि मेंदूला "खाली" कोणत्या दिशेला आहे ते कळते. गवंड्याच्या ओळंब्यात लोखंडी लट्टू असतो, आपल्यात खडूची भुकटी, एवढाच काय तो फरक.

हे कण खरोखरच ओळंब्याचे काम करतात याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा कोळंबीचा आहे. (ओळंबा आणि कोळंबी हा अनुप्रास माझा नव्हे, भाषेचाच.) कोळंबीच्या तोल सांभाळणाऱ्या कोशात वाळूचे कण असतात, कात टाकताना ते निघून जातात आणि ती नवे कण आत भरून घेते. व्हिएन्नातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अलोइस क्रायडल यांनी १८९३ मध्ये कात टाकणाऱ्या कोळंब्यांना वाळूऐवजी लोखंडाचा कीस पुरवला आणि मग जवळ चुंबक धरले. चुंबकाची ओढ हीच "खाली"ची दिशा आहे असा त्या बिचाऱ्यांचा समज झाला आणि त्यानुसार त्या आपले अंग फिरवू लागल्या.

माणसाला फसवायला चुंबकही लागत नाही, रेल्वेचे वळण पुरते. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवलेला असतो, त्यामुळे डबा आतल्या बाजूला कलतो. गाडीचा वेग त्या कलण्याला साजेसा असला तर वजन आणि बाहेर फेकणारा जोर यांची बेरीज थेट डब्याच्या जमिनीवर लंब पडते. कपातला चहा एका बाजूला चढत नाही, कानातले कणही जागचे हलत नाहीत, आपण ताठ बसलो आहोत असेच वाटते, आणि बाहेरची झाडे व घरे मात्र तिरकी दिसतात. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांचे या नवलाकडे लक्ष गेले आणि देहाच्या हालचालीच्या संवेदनांवरचा त्यांचा ग्रंथ १८७५ मध्ये निघाला. त्याच सुमारास इकडे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जावर खंडवा-इंदूर रेल्वे घातली जात होती. पातालपानी-कालाकुंडच्या घाटात मी हा प्रयोग मुद्दाम करून पाहिला, परंतु ती गाडी इतकी सावकाश जाते की डबा कलल्याचे अंगाला सरळ जाणवते. पुण्याच्या गाडीत मात्र, उज्जैन सोडल्यावर, संध्याकाळच्या उजेडात एका लांब वळणावर विजेचे खांब ओळीने वाकलेले दिसले. त्या डब्यात ओळंबा टांगला असता तर तोही माझ्याच बाजूने बोलला असता, कारण कलणे आणि वेग बदलणे यांतला भेद त्यालाही कळत नाही आणि कानातल्या कणांनाही. ढगात किंवा अंधारात उड्डाण घेताना वैमानिकाला विमानाचे नाक प्रत्यक्षाहून अधिक वर उचलल्यासारखे वाटते ते याचमुळे, आणि म्हणून त्याने कानापेक्षा समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवायचा असतो.

तसबिरीच्या वादाचे उत्तर मला त्याच रात्री पलंगावर मिळाले. खोलीत काळोख होता, पडवीतला दिवा चालू राहिला होता आणि दाराच्या फटीतून उजेडाची एक उभी रेघ दिसत होती. मी उजव्या कुशीवर होतो, आणि ती रेघ माझ्या पायांच्या बाजूला कललेली दिसली. उठून बसलो तर सरळ. पुन्हा पडलो की काही क्षणांत कलायला सुरुवात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेर्मान औबेर्ट यांनी हाच अनुभव १८६१ मध्ये नोंदवला आहे. डोके आडवे झाले की डोळ्यांतली प्रतिमाही आडवी होते आणि मेंदूला ती मनातल्या मनात उभी करावी लागते. पण डोके फार कलले की तो ही दुरुस्ती थोडी कमी करतो, जणू डोके एवढे आडवे असणे त्याला संभवनीयच वाटत नाही, आणि राहिलेली कसर रेघेच्या माथी मारतो. मौज अशी की आपण पुरते आडवे आहोत हे आपल्याला पक्के ठाऊक असते, आणि तरीही रेघ कलते.

दिवसा भिंतींच्या कडा आणि खिडक्यांच्या चौकटी डोळ्यांच्या मदतीला असतात आणि हा भ्रम बराच ओसरतो, त्यामुळे तसबिरीबाबत ही सबब मला फारशी चालवता येणार नाही, हे मी बायकोला सांगितलेले नाही. त्या रात्री मात्र खात्री करून घेण्यासाठी मी उशी पायथ्याशी नेली आणि दाराकडेच तोंड करून डाव्या कुशीवर पडलो. फट तीच, दार तेच. काही क्षणांत रेघ उलट दिशेला, म्हणजे पुन्हा माझ्या पायांकडेच, झुकू लागली.