तीन अक्षरं टाईप केली की भलतीच साईट उघडायची

आमचं तालुक्याच्या गावाला सेवा केंद्र आहे, जून लागला की दाखल्यांसाठी नुसती रांग, आणि नेमकं तेव्हाच माझ्या क्रोमने त्रास द्यायला सुरुवात केली. सरकारी पोर्टलची पहिली तीन अक्षरं टाकली की अ‍ॅड्रेस बार पुढचं आपोआप भरायचा, पण शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन च्या जागी डॉट कॉम, आणि एंटर मारला की जाहिरातींनी भरलेलं पान. एकदा समोर एक काकी लेकीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधार कार्ड घेऊन बसलेल्या, मी त्या पानावरच्या रकान्यात त्यांचा नंबर टाकणार तेवढ्यात वरच्या पत्त्याकडे लक्ष गेलं. पोटात गोळाच आला. लोक विश्वासाने कागद हातात देतात हो.

कारण कळायला दोन दिवस गेले. मला कंट्रोल-एंटरची जुनी सवय, म्हणजे नुसतं नाव टाकून कंट्रोल धरून एंटर मारला की पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि मागे डॉट कॉम आपोआप लागतं, बातम्यांच्या साईटला एकदम भारी पण सरकारी साईटला घात. घाईत कधीतरी तसं केलं असणार, पान उघडलं, ब्राउझरने ते लक्षात ठेवलं आणि परत परत एंटर मारून मीच ते पक्कं करत गेलो.

अख्खी हिस्टरी उडवली असती तर रोजचे बाकीचे पत्तेही गेले असते. मग सापडलं की अक्षरं टाकायची, खाली यादी आली की डाउन अ‍ॅरोने त्या चुकीच्या ओळीवर जायचं आणि शिफ्ट-डिलीट. तेवढी एकच ओळ जाते. आणि बारने भलतं काही भरलंच तर एंटरच्या आधी नुसतं डिलीट दाबायचं, रंगवलेला भाग पुसला जातो, आपण टाईप केलेलं तसंच राहतं.

आता कंट्रोल-एल दाबून थेट बारमध्ये जातो, माउसला हातच लावत नाही. कंट्रोल-शिफ्ट-टी ने चुकून बंद झालेला टॅब परत येतो, पण अर्धवट भरलेला फॉर्म तसाच मिळेल याचा भरवसा नाही, मला दोनदा सगळं पहिल्यापासून भरावं लागलंय.

काल शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोराला हे दाखवत होतो, त्याच्याकडे तीच तीन अक्षरं टाकली तर तिथेही तेच डॉट कॉम. त्याच्याच हाताने शिफ्ट-डिलीट मारायला लावलं.