पैलवानाची मान आणि सायकलची सीट

ट्रायथलॉनच्या सायकलवर मान धरते म्हणून कुणी माझ्याकडे आलं, तर मी मानेला हात सगळ्यात शेवटी लावतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत ट्रेनरला, म्हणजे जागेवरच पॅडल मारायच्या स्टँडला, लावलेली सायकल बघून लोकांना वाटतं, आता हा पाना काढणार. पण आधी टेबल. माणूस उताणा झोपला, की त्याचा खुबा किती वाकतो ते मी बघतो. सायकलची बैठक तिथून ठरते.

मानेची तक्रार घेऊन आलेले हे गृहस्थ जुने तालमीतले. पंचेचाळिशी ओलांडलेली, मांड्या अजून तशाच भरीव. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची तयारी चाललेली: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. रंकाळ्याच्या बाजूला भेटणारी सगळी मंडळी त्यांना पैलवानच म्हणतात, मीही तेच म्हणतो. तक्रार एकच, की तासाभरात मान आणि खांदे भरून येतात. उपायही ते ठरवूनच आले होते. "डॉक्टर, पुढचे पॅड जरा वर करून द्या, बास."

टेबलावर उजवा गुडघा छातीकडे नेला, तर मांडी काटकोनाच्या थोडीच पुढे गेली आणि तिथून कंबरच उचलायला लागली. डावा पाय बराच मोकळा. कुस्तीतली जुनी दुखापत, म्हणाले.

मग सायकलवर बसवलं. पाच मिनिटांत चित्र दिसलं. एरोबारवर, म्हणजे कोपरं पॅडवर टेकवून धरायच्या हँडलच्या पुढच्या दांड्यांवर, झुकले की ते हळूहळू सीटच्या टोकावर सरकायचे, मग कोपरांनी स्वतःला मागे ढकलायचे, पुन्हा सरकायचे. ते ढकलणं खांदे करत होते आणि भार मान सोसत होती. उजवा पाय वर आला की गुडघा दर फेरीला बाहेर फेकला जायचा, कारण खुब्यात जागाच उरत नव्हती. दुकानात कुणीतरी "पाय अडकतात" म्हणून सीट पार मागे लोटली होती. पाय अडकत होते हे खरं, पण सीट मागे नेली की पुढे वाकल्यावर खुबा आणखी दुमडतो.

मी प्रत्येकाला विचारतो तो प्रश्न विचारला. "जांघेत, लघवीच्या जागेला बधिर होतं का?"

बराच वेळ उत्तर नाही. मग खाली बघत म्हणाले, "हुतंय की. उतरल्यावर बी बराच वेळ. घरात बोललो न्हाई."

माझ्या दृष्टीने मानेपेक्षा हे कितीतरी गंभीर होतं. साध्या सायकलवर आपण बैठकीच्या दोन हाडांवर बसतो. एरोबारवर कंबर पुढे कलते आणि भार त्या हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर येतो, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. हे सोसण्यात मर्दुमकी नाही. बैठक बदलूनही बधिरपणा राहिला तर थेट डॉक्टरांकडे जायचं, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. तालमीत वाढलेली माणसं दुखणं सांगतात, पण हे सांगत नाहीत, म्हणून विचारणं मी कधी सोडत नाही.

आता पाना घेतला. रोड सायकलची सीट नळी, म्हणजे सीटखालची नळी, जमिनीशी साधारण ७२ ते ७४ अंशांत असते, ट्रायथलॉनला सीट पॅडलच्या आसाकडे पुढे आणून तो कोन ७६ ते ८० पर्यंत नेतात. पैलवानांची सायकल ट्रायथलॉनचीच, पण सीट मागे लोटल्याने ते बसत होते रोडच्या कोनात. क्लॅम्प उलटा बसवून सीट चार सेंटीमीटरच्या वर पुढे घेतली. पुढे आली की पॅडलपासूनचं अंतर कमी होतं, म्हणून थोडी उचलली. आणि पुढचं टोक दुभागलेली, आखूड नाकाची सीट चढवली.

हे होईपर्यंत मी त्यांना जुनी गोष्ट सांगत होतो. एरोबार ट्रायथलॉनमध्ये आले १९८७ च्या सुमारास. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँ यांनी ते लावून १९८९ ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष हँडलकडे गेलं. पण त्याच सुमारास डॅन एम्फिल्ड यांनी आपल्या क्विंटाना रू कंपनीच्या सायकलीत सीट नळीच आणखी उभी केली. पाठ खाली न्यायची तर खुबा बंद होऊ द्यायचा नाही, अख्खं शरीर पॅडलच्या आसाभोवती पुढे फिरवायचं. मला हा शोध एरोबारइतकाच मोठा वाटतो.

पैलवानांच्या उजव्या खुब्याला तेवढंही पुरलं नाही. गुडघा अजून थोडा बाहेर जात होता. १७२.५ मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पॅडल धरणारा दांडा, काढून १६५ चा लावला. पॅडल वर येतं तिथे ७.५ मिलिमीटर खाली आलं, आणि खालच्या टोकाला पाय पुरावा म्हणून सीट ७.५ वर गेली, म्हणजे मांडी आणि पोटात १५ मिलिमीटर जागा वाढली. गुडघा सरळ चालायला लागला.

पॅडला हात त्यानंतरच लावला. थोडे वर, थोडे पुढे, कोपराच्या किंचित पुढे हाताला आधार मिळेल असे, आणि बारची टोकं जराशी उचललेली. त्यांना फोटोतल्या पोरांची टेबलागत पाठ हवी होती. पण ९० किलोमीटर टिकत नाही ती बैठक कितीही खाली असली तरी उपयोगाची नाही. दर दोन मिनिटांनी मान सोडवायला उठलं की वारा छातीवरच येतो.

रविवारी पहाटे फुलेवाडी, बालिंगा करत ते गगनबावड्याच्या रस्त्याला लागले. उसाचे ट्रॅक्टर दिसले की हात ब्रेकवर आणायचे, हे मी दोनदा बजावलं होतं, कारण एरोबारवर असताना ब्रेक हाताशी नसतात. परत येऊन लगेच अर्धा तास धावले आणि फोन केला. उतरल्यावर मांड्या धरायच्या त्या धरल्या नाहीत, मान ठीक. बधिरपणाचं मीच विचारलं. "न्हाई," म्हणाले, आणि या वेळी लगेच म्हणाले.

आता त्यांना पॅड एक सेंटीमीटर खाली हवेत. या बैठकीला अंग सरावायला काही आठवडे लागतील, म्हणून गोव्याची शर्यत होईपर्यंत मी एकही बोल्ट हलवणार नाही, असं त्यांना सांगितलंय.