चोरीनंतर 15 महिन्यांनी झालेली अटक

ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात, शिनोला या महागड्या घड्याळांच्या दुकानातून पाच घड्याळे चोरीस गेली. त्यांची किंमत सुमारे 3,800 डॉलर होती. दुकानातील कॅमेऱ्यात लाल टोपी घातलेला, अंगाने भरलेला एक कृष्णवर्णीय माणूस दिसत होता, पण चित्रण अंधूक होते आणि चेहरा नीट ओळखू येत नव्हता. या चोरीसाठी पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स या गृहस्थांना अटक केली ती 9 जानेवारी 2020 रोजी, म्हणजे तब्बल 15 महिन्यांनी. आणि ती चोरी त्यांनी केलेलीच नव्हती. चेहरा ओळखणाऱ्या संगणकप्रणालीची चूक म्हणून या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र अधिक अस्वस्थ करतात ते मधले 15 महिने.

या काळात घडले ते एवढेच. मार्च 2019 मध्ये चित्रणातील एक स्थिरचित्र राज्य पोलिसांच्या सुमारे 4 कोटी 90 लाख छायाचित्रांच्या संग्रहाशी ताडून पाहण्यात आले आणि त्यातून विल्यम्स यांच्या वाहन परवान्यावरील जुने छायाचित्र पुढे आले. सोबतच्या अहवालात स्पष्ट लिहिले होते की ही ओळख पटल्याची खूण नाही, हा तपासासाठी केवळ एक धागा आहे आणि एवढ्यावरून अटक करता येणार नाही. त्यानंतर जुलैमध्ये सहा छायाचित्रांमधून संशयिताची ओळख पटवण्याचा सोपस्कार झाला. ज्या महिलेने विल्यम्स यांच्या छायाचित्रावर बोट ठेवले, ती दुकानाच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या कंपनीत होती आणि चोरीच्या वेळी ती दुकानात हजरच नव्हती. तिने पाहिले होते ते तेच अंधूक चित्रण, जे संगणकालाही दाखवले गेले होते. म्हणजे साक्षीदाराला यंत्रापेक्षा अधिक काहीच ठाऊक नव्हते, आणि तरीही कागदावर एका पुराव्याचे दोन पुरावे झाले.

तपास लांबतो तेव्हा तो अधिक बारकाईने झाला असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. इथे नेमके उलट घडले. त्या दिवशी हा माणूस कुठे होता, हा तपासातला अगदी पहिला प्रश्न. तो या सगळ्या महिन्यांत कोणी विचारलाच नाही. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली आणि प्रत्येक सहीनिशी संशय अधिक पक्का दिसू लागला, जरी त्याच्या मुळाशी असलेली माहिती तसूभरही वाढली नव्हती. माझ्या मते दोष एकट्या यंत्राच्या माथी मारणे म्हणूनच योग्य नाही. यंत्राचा अंदाज तपासून पाहण्यासाठी पोलिसांच्या हाती भरपूर वेळ होता, आणि तो वेळ त्यांनी त्यासाठी वापरला नाही.

उशिराचा दुसरा फटका बसतो तो आरोपीला. गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या आसपास एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी आपण कुठे होतो, हे किती जणांना पुराव्यानिशी सांगता येईल? चोरी झाल्यावर आठवड्याभरात पोलीस दाराशी आले, तर माणूस पावती दाखवू शकतो, सहकाऱ्याला साक्षीला बोलावू शकतो, कोणत्या रस्त्याने घरी आलो ते सांगू शकतो. वर्ष उलटल्यावर यातले फारसे काही हाती उरत नाही. विल्यम्स यांचे नशीब एवढेच की चोरीच्या वेळी ते कामावरून गाडीने घरी परतत होते आणि त्या प्रवासातील एक चित्रफीत त्यांनी स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकलेली होती. ती नसती, तर निर्दोष असूनही त्यांच्याजवळ स्वतःच्या शब्दापलीकडे फारसे काही नव्हते.

अटकेच्या दिवशी ते कामावर असताना ठाण्यावर हजर राहण्यासाठी फोन आला, तेव्हा कोणीतरी थट्टा करत आहे असे त्यांना वाटले. ते घरी पोहोचताच पोलिसांच्या गाडीने त्यांची वाट अडवली आणि पत्नी व दोन लहान मुलींच्या डोळ्यांदेखत, अंगणातच, त्यांच्या हातात बेड्या पडल्या. कुठे नेत आहात, असे पत्नीने विचारले असता गूगलवर शोधा, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी चौकशीत दुकानातले चित्र समोर ठेवले गेले, तेव्हा त्यांनी ते आपल्या चेहऱ्याशेजारी धरून दाखवले. संगणकाची चूक झाली असावी, असे एक अधिकारी तेव्हाच बोलून गेला, पण सुटका लगेच झाली नाही. सुमारे 30 तास कोठडीत काढल्यावर त्यांना जातमुचलक्यावर सोडण्यात आले. जी शंका त्या टेबलावर काही क्षणांत आली, ती 15 महिन्यांत एकदाही येऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

हे एकच उदाहरण असते, तर अपवाद म्हणता आले असते. जून 2022 मध्ये लुइझियाना राज्यातील दुकानांतून महागड्या पर्स लांबवल्या गेल्या, आणि त्यासाठी जॉर्जियातील एका तरुणाला नोव्हेंबरमध्ये पकडून जवळजवळ आठवडाभर तुरुंगात ठेवण्यात आले. तो लुइझियानात कधी गेलेलाही नव्हता. तिथेही यंत्राने सुचवलेला चेहराच पुढच्या सगळ्या कारवाईचा पाया ठरला होता.

आपल्याकडेही हा विषय परका राहिलेला नाही. चेहरा जुळवताना 80 टक्क्यांपेक्षा अधिक साम्य आढळल्यास ते जुळले असे मानतो, असे दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारातील उत्तरात सांगितले आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटक का आवश्यक आहे ते लिहून ठेवावे आणि एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेशकुमार खटल्यात बजावले आहे. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मध्ये आहे. दुकानातील चोरीच्या जुन्या प्रकरणात तर हीच वाट सरळ आहे: आधी नोटीस द्यावी, माणसाचे म्हणणे ऐकावे आणि ते पडताळून पाहावे. वर्षभर थांबलेल्या यंत्रणेला आणखी चार दिवस थांबणे जड जाऊ नये.

विल्यम्स यांनी दावा लावला आणि जून 2024 मध्ये तो तडजोडीने मिटला. त्यांना 3 लाख डॉलर मिळाले, पण त्याहून मोलाच्या आहेत त्या अटी. चेहरा जुळला एवढ्यावरून डेट्रॉइट पोलिसांना आता अटक करता येत नाही, आणि त्या चेहऱ्याचा माणूस गुन्ह्याशी जोडणारा दुसरा स्वतंत्र पुरावा हाती असल्याशिवाय साक्षीदारापुढे छायाचित्रेही मांडता येत नाहीत. 2017 पासून या तंत्राच्या आधारे अटकेचे वॉरंट मिळवलेली सर्व प्रकरणे पुन्हा तपासण्याचेही पोलिसांनी मान्य केले आहे.