सतरा खोल्या आणि एक धपाटा

हे खरं तर २०१९ चं आहे. तेव्हाच लिहायचं होतं, पण आमच्या मातोश्री माझं सगळं वाचतात आणि यातला एक तपशील त्यांना कसा सांगावा ते मला सुचत नव्हतं, म्हणून राहिलं ते राहिलंच. आता म्हटलं होऊन जाऊ दे.

तर नोव्हेंबर होता. जर्मनीतला नोव्हेंबर ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पाच वाजायच्या आत अंधार आणि दिवसभर ते घोंगडं पांघरल्यासारखं आभाळ. पोरं आलटून-पालटून आजारी, ऑफिसात गो-लाइव्ह (म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करायची धांदल), आणि जो उठतो तो मलाच विचारतो. आई माझे सॉक्स कुठायत, हे रिलीझ आज जाऊ दे का उद्या, संध्याकाळी भाजी कुठली. नवरा म्हणाला एक दिवस रजा टाक आणि कुठेतरी जाऊन ये, पोरांना मी बघतो. आता कुठेतरी म्हणजे कुठे, तर तेही मीच ठरवायचं!

शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं ठरवून टाकलं. बाडेन-बाडेनला जा, फ्रीडरिक्सबाडमध्ये, म्हणजे तिथल्या गरम झऱ्याच्या जुन्या न्हाणीघरात. "तिथे तुला काहीच ठरवावं लागत नाही" एवढंच बोलली ती, आणि मी तिथल्या तिथे सोमवारची रजा टाकली.

आम्ही कार्ल्सरुहला राहतो, तिथून ट्रेननं अगदी जवळ. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून २०१ नंबरची बस पकडून लेओपोल्ड्सप्लात्झला उतरायचं. गाव एकदम पैसेवाल्या म्हाताऱ्यांचं, कॅसिनो, बागा, फरकोट. रोमन लोक दोनेक हजार वर्षांपूर्वी इथे गरम पाण्यासाठीच येऊन बसले, गावाला ते नुसतं 'आक्वे' म्हणायचे, म्हणजे पाणी! त्यांच्या न्हाणीघराचे अवशेष आजही फ्रीडरिक्सबाडच्या खाली आहेत. वरची इमारत १८७७ ची, डोंगराच्या उतारावर चढत गेलेली, बाहेरून राजवाडाच वाटतो. पाणी त्या डोंगराच्याच पोटातून येतं, उगमाला ६८ अंशांपर्यंत गरम. काळ्या जंगलाची (ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांची) कड आणि ऱ्हाइनची खचलेली दरी जिथे भेटतात तिथे जमिनीला भेगा आहेत, पावसाचं पाणी खोल मुरतं, तापतं आणि त्या भेगांतून वर येतं.

झऱ्याची ही माहिती वाचताना मला आजोळ आठवत होतं. आमचं आजोळ संगमेश्वरकडचं, तुरळचं उन्हाळं जवळच. (बाहेरच्यांसाठी, उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. वज्रेश्वरीपासून खाली राजापूरपर्यंत अशी उन्हाळी एका ओळीत आहेत कोकणात.) मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना आजी आम्हाला त्या कढत पाण्यात का बसवायची हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण साडी नेसूनच पाण्यात उतरायचं, डोकं बुडवायचं, गंधकाच्या वासाला नाक मुरडलं की रट्टा खायचा, हे आमचं स्पा.

आता त्या तपशिलाकडे येते. फ्रीडरिक्सबाडमध्ये तेव्हा कपडे चालत नसत. म्हणजे स्विमसूटसुद्धा नाही, काहीच नाही. इथल्या अंघोळीचा प्रकार रोमन-आयरिश म्हणवतो, म्हणजे रोमनांची पाण्याची कुंडं आणि एका आयरिश डॉक्टरनं, रिचर्ड बार्टरनं, १८५० च्या दशकात लोकप्रिय केलेली कोरड्या गरम हवेची खोली, असं दोन्ही जोडलेलं. कपड्यांचं म्हणाल तर ते कुणाच्या गावीच नाही. मी शोधून शोधून सोमवार निवडला होता कारण तेव्हा सोमवारी बायकांची बाजू वेगळी आणि पुरुषांची वेगळी असायची. म्हटलं बायका-बायकांत काय एवढं.

आणि खरंच काही नव्हतं. पहिली पाच मिनिटं मी टॉवेल असा धरला होता की जणू त्यात किडनी बांधून आणलीये. मग शॉवरपाशी एक सत्तरीच्या आजी दिसल्या, सिझेरियनचा जुना व्रण, गुडघ्यावर ऑपरेशनची शिवण, मस्त ताठ चालत निघाल्या होत्या, माझ्याकडे बघून मॉर्गन, म्हणजे सुप्रभात, म्हणाल्या आणि पुढे गेल्या. टॉवेल खुंटीला अडकवला मी.

सतरा टप्पे आहेत. भिंतीवर नंबर आणि किती मिनिटं ते लिहिलेलं. पहिला शॉवर, मग ५४ अंशांची गरम हवेची खोली, लाकडी बाकावर चादर टाकून पंधरा मिनिटं पडायचं. मग ६८ ची, ती पाचच मिनिटं, फरशी एवढी तापलेली की आधीच सपाता देतात. नक्षीच्या जुन्या टाइल्स, कुठेतरी पाण्याचा ठिबक-ठिबक आवाज, आणि कुणी म्हणजे कुणी बोलत नाही. पोरांना प्रवेश नाही हा निम्मा पुण्यलाभ तिथेच. फोन लॉकरमध्ये, चष्मा लॉकरमध्ये, त्यामुळे माझ्या मायनस चार नंबरला सगळं जग तसंही धूसर, हा एक फायदा कुणी सांगत नाही.

आणि मग साबण आणि ब्रश.

याचे पैसे वेगळे भरले होते. एका टेबलावर झोपायचं, आणि एक धिप्पाड बाई, हातात ब्रश, बादलीभर फेस. तिनं एक शब्द विचारला, सॉफ्ट का हार्ड, दिवसभरात मला विचारलेला हा एकच प्रश्न आणि मी म्हटलं हार्ड. तिनं मग जे काही घासलं मला! टाचांपासून मानेपर्यंत, एखादी पितळी कळशी चिंचेनं घासावी तसं. हात उचलायची, बाजूला ठेवायची, कुशीवर वळवायची, माझं मला काहीच करावं लागत नव्हतं. आणि मला एकदम रडूच आलं. तोंड खाली होतं म्हणून बरं.

कारण मला कुणी दुसऱ्यानं अंघोळ घालण्याची शेवटची वेळ म्हणजे पहिलं बाळंतपण. चिपळूणला, आईकडे. रोज सकाळी मालिशवाली मावशी यायची, कोमट तेल चोळायची, मग न्हाणीघरात पाटावर बसवून अंगावर कढत पाण्याचे तांबे, एवढं कढत की मी ओरडायची आणि ती म्हणायची गप गो, हाडं थंड पडलीत तुझी. मग ओव्याची धुरी, कानात कापूस, डोक्याला फडकं, बाजेखाली शेगडी. चाळीस दिवस. तेव्हा मी इतकी वैतागले होते त्या सगळ्याला, जुनाट काय, अशास्त्रीय काय. दुसरं पोर इथे कार्ल्सरुहला झालं. इथे हेबामे, म्हणजे सुईणबाई, घरी येते, फार छान असते, बाळाचं वजन करते, टाके बघते, कशी आहेस विचारते. पाठ चोळत नाही. तिचं ते कामच नव्हे. दहाव्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते.

तर हे सगळं त्या टेबलावर पाच-सात मिनिटांत डोक्यात येऊन गेलं, आणि तेवढ्यात बाईनं शेवट म्हणून माझ्या पार्श्वभागावर एक सणसणीत धपाटा घातला. झालं, उठ. अगदी मावशीसारखा! मी हसायला लागले तर तीही हसली आणि ओल्या हातानं पुढच्या शॉवरकडे बोट दाखवलं.

मग वाफेच्या खोल्या दोन, मग पाण्याची कुंडं, ३६ अंश, ३४ अंश, पाणी खारट, पण आपल्या तुरळच्या झऱ्यासारखा गंधकाचा वास नाही. आणि मग घुमटाखालचा मोठा गोल हौद, २८ चा. खांब, कोरीव काम, वरून पडणारा उजेड, सगळ्या जाहिरातींत हाच दिसतो. मी मानेपर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले, आणि उघडले तर समोरून एक मिशीवाले आजोबा संथपणे पोहत येतायत.

म्हणजे बाजू वेगळ्या, पण मधला हौद सामाईक! हे माहिती असणाऱ्यांना माहिती असतं. मी पाण्यात आणखी चार इंच खाली गेले, नाकापर्यंत, म्हशीसारखी. आजोबांनी मान डोलावली, वळले, परत गेले. काठावर एक जोडपं गप्प बसलेलं. माझ्याकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता, सगळे घुमट बघत होते. दोन मिनिटांनी मीही घुमट बघायला लागले. मातोश्री, हा तो तपशील.

मग १८ अंशांची डुबकी (किंचाळले, एवढ्या शांततेत तो एकच आवाज), गरम टॉवेल, आणि विश्रांतीची खोली. अर्धा तास. एक बाई येते, गरम चादरीत आणि वर ब्लँकेटमध्ये तुम्हाला गुंडाळते, पायाकडून दुमडून, हात आत, अगदी तान्ह्या बाळाचं गाठोडं करतात तसं. खोलीत अंधार, पंधरा-वीस गाठोडी ओळीनं. मी बहुतेक घोरले. शेजारचं गाठोडंही घोरत होतं. शेवटची वाचनाची खोली असते, तिथे म्हणे मासिकं चाळत बसायचं, मी चष्म्याशिवाय कसलं वाचतेय, पडून राहिले.

बाहेर आले तेव्हा अंधार पडलेला, केस अर्धे ओले. बसस्टॉपवर एक ब्रेझेल (इथला पिळाचा खारा पाव) घेतली आणि आईला फोन लावला. तिला सांगितलं, आज गरम पाण्याच्या झऱ्यावर गेले होते, आपल्या तुरळसारख्या.

"ओल्या केसांनी बाहेर उभी आहेस ना?"

"टोपी आहे."

"पाठ कुणी चोळली?"

"एक बाई होती."

"बरी चोळली?"

"मावशीसारखी."

थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "किती घेतले?"

युरोचा आकडा सांगितला आणि तिनं ऐंशीनं गुणायच्या आत बस आली असं सांगून फोन ठेवला.