पिवळा ठिपका

ज्या गाडीबरोबर प्लास्टिकची फाईल येते, तिच्या मालकाने आधी दोन-तीन ठिकाणी पैसे घालवलेले असतात. गेल्या सप्टेंबरात साताऱ्याला माझ्या गॅरेजात आलेल्या त्या हॅचबॅकबरोबर अशीच फाईल होती. वाईच्या मॅडम, पाचगणीच्या शाळेत शिकवतात, रोज पसरणी घाट चढतात. सेकंडहँड घेतलेली सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचाच एक प्रकार), ९२ हजार किलोमीटर. अर्धा घाट चढून झाला की इंजिन चार हजारावर भणाणतं आणि गाडी मात्र ओढत नाही. दिवा लागतो. कडेला घेऊन पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा जसं काही झालंच नव्हतं.

फाईलमध्ये पहिलं बिल ९ हजारांचं, प्रेशर सेन्सर बदलल्याचं. आठवड्यात दुखणं परत. मग एका मोठ्या वर्कशॉपचं एस्टिमेट : गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे, २ लाख ४० हजार, कर वेगळा. तपासणीत काय आढळलं म्हणाल तर एकच ओळ, कोड पी०८६८. म्हणजे तेलाचा दाब कमी.

स्कॅनर हा फिर्याद लिहून घेणारा हवालदार आहे. दाब कमी पडला, एवढं तो नोंदवतो. चोर कोण ते त्याला ठाऊक नसतं. पण हल्ली फिर्याद वाचूनच निकाल देण्याची पद्धत पडली आहे. गिअरबॉक्स उघडायला वेळ लागतो, बदलायला लागत नाही.

गिऱ्हाइकाला सीव्हीटी समजावताना मी कायनेटिक होंडा स्कूटरपासून सुरुवात करतो, कारण माझीही तिथूनच झाली. मामाच्या गॅरेजात व्हेरिएटर उघडून झिजलेले रोलर बदलायचं काम माझ्याकडे असायचं. दोन पुल्या आणि मध्ये रबरी पट्टा. पुलीच्या तबकड्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो. पहिला-दुसरा गिअर ही भानगडच नाही. डच लोकांनी १९५८ साली डाफ नावाच्या मोटारीत हेच बसवलं होतं, रबरी पट्ट्यासकट. आताच्या मोटारींत पट्टा पोलादी असतो. साधारण ४०० पातळ पत्रे, गजऱ्यात फुलं दाटून ओवावीत तसे, पोलादी कड्यांच्या दोन जुडग्यांत बसवलेले. आणि हा पट्टा ओढत नाही, ढकलतो. एक पत्रा पुढच्याला रेटतो, तो त्याच्या पुढच्याला. पोलादाने पोलादाला धरून ठेवायचं ते केवळ तेलाच्या दाबावर. आपण चाकात ३३ पौंड हवा भरतो. इथे ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिला तर काही बॉक्समध्ये ८०० पौंडांपर्यंत दाब चढतो. तो क्षणभर जरी कमी पडला तरी पट्टा घसरतो, आणि घसरताना पुलीवर ओरखडा काढतो. त्या ओरखड्याला औषध नाही.

म्हणून या बॉक्सचं सगळं तेलापाशी येऊन थांबतं. सीव्हीटीत साधं एटीएफ ओतून आणणारे महाभाग मी पाहिलेत. "ऑटोमॅटिकचंच तेल ना?" म्हणतात. आणि बंद पडलेली गाडी पुढची चाकं रस्त्यावर ठेवून वीस-वीस किलोमीटर दोरीने ओढत आणणारे तर दर पावसाळ्यात येतात. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि आत पुल्या कोरड्या फिरतायत. दोरी सोडताना वर मलाच सांगतात, "हळूहळू आणलीय हां अण्णा."

असो. गाडी रॅम्पवर घेतली. खालून घाटातला लाल चिखल थापलेला. गिअरबॉक्सच्या बुडाशी तेलाचा चेंबर असतो, त्याच्या एका बोल्टचं डोकं गोल झालेलं, म्हणजे याआधी कुणीतरी हा चेंबर उघडला होता आणि पान्हा नीट बसवला नव्हता. मी सुरू झालो. ज्यांना दहाचा पान्हा धरता येत नाही ते सीव्हीटी उघडतात, ह्यांना बैलगाडीला वंगण द्यायला ठेवा, वगैरे. माझ्या तोंडाला लगाम नाही हे गॅरेजात सगळ्यांना माहीत आहे. धाकटा फिटर डिझेल आणि ब्रश घेऊन चेंबर धूत होता. त्याला म्हटलं, "बघ, असं काम करायचं नसतं." तो काही बोलला नाही.

तीन दिवस रोज सकाळी मी ती यवतेश्वरच्या घाटात नेली. शेजारच्या सीटवर लॅपटॉप, स्क्रीनवर दोन रेघा. एक मागितलेल्या दाबाची, दुसरी मिळालेल्या दाबाची. दोन्ही एकमेकींवर चिकटून बसलेल्या, फट म्हणून नाही. गाडी लोण्यासारखी चढली. तिसऱ्या दिवशी वर पोहोचता पोहोचता एक बारीक शीळ ऐकू आली. ती मी बेअरिंगच्या खात्यावर टाकून दिली. ते माझं चुकलंच. खाली आल्यावर थंड गाडीचं तेल बघितलं, पातळी बरोबर, रंग जरा तपकिरी, जळका वास नाही.

मग मी माझा निकाल दिला : व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब वाटून देणारा भाग. गरम झाल्यावर एखादा व्हॉल्व्ह अडकत असणार. मॅडमकडून १५ हजार ॲडव्हान्स घेतला, पुण्याहून रिकंडिशन माल मागवायला सांगितला. हवालदाराच्या फिर्यादीवर निकाल देणाऱ्यांना आत्ताच नावं ठेवली ना, तोच मी.

माल यायला सहा दिवस होते. गाडी न्यायला आल्या तेव्हा मॅडम म्हणाल्या, "दादा, तुम्ही एकटेच घेऊन गेला होता ना? आम्ही चौघी असतो. आणि ती बंद पडायच्या आधी गाते. कुकरची शिटी व्हायच्या आधी सूं होतं ना, तसं. वळणावर जास्त." हे त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. मी तेव्हा लॅपटॉपची वायर जोडत होतो.

पाच रात्री ते डोक्यातून जाईना. वजन, वळण, शीळ. सहाव्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढून सव्वासातला वाईत हजर झालो. चार मॅडम आणि त्यांच्या डब्यांच्या पिशव्या, स्टिअरिंगवर मी. पहिली पाच-सहा वळणं काही नाही. मग ती गायला लागली. मॅडमचं वर्णन तंतोतंत होतं. स्क्रीन मागच्या सीटवरच्या मॅडमच्या मांडीवर होती. त्या म्हणाल्या, "खालची रेघ करवतीसारखी झालीय." दोन वळणांनंतर टॅकोमीटर चार हजारावर, दिवा लागला. अडकलेल्या व्हॉल्व्हची रेघ अशी नसते. ती एकदा पडते आणि पडूनच राहते. दातेरी रेघ म्हणजे पंपाच्या तोंडात तेलाबरोबर हवा जातेय.

कशीबशी रेटत दांडेघरच्या नाक्याजवळ सपाट जागेवर घेतली, इंजिन चालूच ठेवलं. या गाडीला तेल मोजायची पट्टी नसते, भरायच्या नळीला नुसतं झाकण असतं. पट्टी आमच्यासारख्यांकडे वेगळी. ती आत सोडून बाहेर काढली. पट्टीवर तेल नव्हतंच, फेस होता. गुऱ्हाळात काहिलीवर मळी चढते तसा तपकिरी, बारीक बुडबुड्यांचा. एक मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, साबण घातलाय की काय?" हाच फेस पंप पंधरा मिनिटं घुसळून पुलीकडे पाठवत होता. फेस दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. मग पट्टा धरणार कशाने? आणि मी रोज बघितलं ते थंड, निवळलेलं तेल. आजारी माणसाला झोपेत तपासल्यासारखं.

गाडी त्यांनी तिथेच माझ्या ताब्यात दिली आणि जीप पकडून शाळेत गेल्या. थांबत थांबत ती साताऱ्याला आणली, व्हॉल्व्ह बॉडीची ऑर्डर फोनवरच रद्द केली. कधी नव्हे तो आनंद झाला होता. अडीच लाखांचं काम ओ-रिंगवर आणलं होतं, कारण फेसाची कारणं मोजकीच. पातळी बरोबर असताना हवा शिरायला जागा बहुतेक एकच, तेल गाळायची जाळी जिथे बसते तिथली ही ओ-रिंग, म्हणजे रबरी चकती.

चेंबर सोडवला, जाळी उतरवली. ओ-रिंग तिच्या मानेवर होती, पण एका बाजूला चेपून कापलेली. नखाच्या मुळाशी असते ना, तेवढी चंद्रकोर उडालेली. अशी ती कापते ती कोरडी बसवल्यामुळे. बसवण्याआधी तेच तेल बोटाने लावायचं असतं. रबर घसरून जागेवर बसतं. कोरडी असेल तर पीळ पडतो, कड चिमटते. महिनोन् महिने काही कळत नाही. मग रबर उष्णतेने ताठ होतं आणि चीर मोकळी होते. हे मी प्रत्येक नव्या पोराला शिकवतो. ती ओ-रिंग दोन बोटांत धरून मी गॅरेजभर दाखवत सुटलो. कुठल्या गाढवाने, कुठल्या आंधळ्याने, सगळी वंशावळ.

धाकटा फिटर चेंबरचे बोल्ट ट्रेमध्ये लावत होता. मान खाली घालून म्हणाला, "अण्णा, हे बोल्ट बघा."

टॉर्क रेंचने आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर मी पिवळ्या पेंटचा ठिपका देतो. कुठला आवळला, कुठला राहिला, यात गोंधळ नको म्हणून. आजूबाजूच्या गॅरेजांत ही सवय दुसऱ्या कुणाला नाही, आणि तिचा मला बराच गर्व आहे. ट्रेमधल्या बोल्टांवर, डिझेलने धुतल्यावर, ते ठिपके होते. फिकट, पण माझेच.

रजिस्टर काढलं. आदल्या वर्षीचा जुलै. हाच नंबर, मालक दुसरा, तेव्हा गाडी साताऱ्यातच होती. 'चेंबर उघडला, जाळी व फिल्टर बदलला, तेल ४ लिटर.' अक्षर माझं. त्या ओळीशेजारी समासात लिहिलेलं, 'लाईट नाही'. आठवलं मग. दिवसभर पाऊस, दिवसभर वीज नाही, मोबाईलच्या उजेडात काम, मालकाला संध्याकाळी मुंबई गाठायची होती. मीच खाली झोपून बसवली होती. तेल लावलं की नाही हे आठवत नाही, आणि चंद्रकोर उडालेली चकती समोर असताना आठवायची गरजही नाही.

पोराला विचारलं, "तुला कधी दिसलं?"

"पहिल्याच दिवशी. धूत होतो तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही शिव्या घालत होता ना."

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पहिल्याच दिवशी तो बोलला असता तर आठवडा वाचला असता, त्या आठवड्यात मॅडम सहा वेळा घाट चढल्या नसत्या.

ते सहा वेळा हेच मला खातंय. तेलातला धातूचा चुरा धरायला चेंबरमध्ये चुंबक असतात, त्यांच्यावर राखाडी लेप होता. तो ९२ हजारांना असतोच, बोटांत चोळला की काजळासारखा लागतो. पण त्या लेपात चार-पाच कण चमकत होते. व्हॉल्व्ह बॉडी उतरवून बोअरस्कोप, म्हणजे नळीचा कॅमेरा, आत घातला. पट्ट्याचे पत्रे शाबूत, कडा स्वच्छ. पुलीच्या तबकडीवर मात्र दोन बारीक रेघा, केसासारख्या. नख फिरवायला मिळालं असतं तर खोली कळली असती, कॅमेऱ्यात कळत नाही. या आधीपासून होत्या, की माझ्या ओ-रिंगने पाडल्या, हे सांगणारं कुठलंही यंत्र नाही. मी फोटो काढून ठेवला.

नवी ओ-रिंग ६० रुपयांची. तेल लावून बसवली, पोराला शेजारी उभं करून. नवी जाळी, नवा फिल्टर, तेल दोनदा बदललं. चार पोरांना गाडीत घालून पसरणी दोनदा चढवली. रेघा एकमेकींवर, शीळ नाही, वरती पट्टी काढली तर नुसतं स्वच्छ तेल.

मॅडम गाडी न्यायला आल्या त्या कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. म्हणाल्या, "आधीच्या माणसाने केवढा घोळ घातला होता, तुम्ही होता म्हणून सापडला." पोराच्या तोंडात पेढा होता. तो चावायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी सांगितलं. काही फार नीट सांगता आलं नाही. आधी विजेचं सांगितलं, मग पावसाचं, मग कुठे रजिस्टर उघडून ओळ दाखवली. १५ हजार परत केले, बिल घेतलं नाही. मॅडम थोडा वेळ ती ओळ वाचत राहिल्या, मास्तरीणबाई उत्तरपत्रिका वाचतात तशा. मग म्हणाल्या, "आणि त्या सेन्सरचे नऊ हजार?" ते मी घेतले नव्हते, पण ते गेले माझ्यामुळेच. मी म्हटलं, पुढच्या दोन सर्व्हिसिंगमध्ये वळते करतो. त्या "बघू" म्हणाल्या. पेढ्यांचा पुडा टेबलावरच ठेवून गेल्या.

तबकडीवरच्या रेघांचं मात्र मी सांगितलं नाही. त्या क्षणी स्वतःला असं समजावलं की नक्की नसलेल्या गोष्टीने माणसाला कशाला घाबरवायचं, रोज चौघींना घेऊन घाट चढायचा असतो. गाडी आता ९९ हजारांवर आहे, ठणठणीत चालते. दर पाच हजारांना चेंबर उघडून चुंबक बघायचे असं मी मॅडमना सांगितलंय. एकदा उघडून झालाय, लेप काजळासारखा होता, चमक दिसली नाही. परवा पुढच्या वेळेची आठवण द्यायला फोन केला तर म्हणाल्या, "दादा, इतक्या लवकर कशाला पुन्हा?"

म्हटलं, "बघून घेतो एकदा. पैसे नाही लागायचे."

फोटो अजून माझ्या फोनमध्येच आहे.