डोंबिवलीच्या काकांची ट्रंक

जुने कागद जतन करायचं काम करते मी. येतात ती बहुतेक दफ्तरं, वंशावळी, वतनाची भांडणं. मागच्या महिन्यात मात्र डोंबिवलीला एका केमिकल इंजिनिअर काकांच्या घरी गेले. काका माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे केमिकलच्या कॉलेजात शिकलेले, नोकरी सगळी नायट्रेशन प्लांटवर, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडच्या, भरपूर उष्णता सुटणाऱ्या प्रक्रियेवर, आता ते नाहीत आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक रद्दीत जायच्या बेतात होती. काकू म्हणाल्या, "बघ बाई, तुझ्या कामाचं काही असेल तर."

वर अमोनिया प्रिंट्सची, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशांच्या प्रतींची भेंडोळी, खाली खिशातल्या डायऱ्या, काहींना कसर लागलेली. एकाच पानावर बॅचचं टेंपरेचर, दुधाचा हिशोब आणि मुलीला गोवर आल्याची तारीख! एका पानावर लाल शाईत लिहिलेलं, स्टरर बंद पडला तर आधी अ‍ॅसिड बंद, स्टरर लगेच चालू करायचा नाही. कारण ढवळणं थांबलं की अ‍ॅसिड न मिसळता साचत जातं आणि मग स्टरर फिरवला की सगळी उष्णता एकदम सुटते, रिअ‍ॅक्टर फुटू शकतो. खाली तेच परत हिंदीत, ऑपरेटर लोकांसाठी.

मग डिसेंबर १९८४ ची डायरी उघडली. भोपाळची ती २-३ तारखेची रात्र, आणि ५ तारखेच्या पानावर काकांनी लिहिलंय, आपल्याकडे एमआयसी (भोपाळला गळला तो वायू) नाही, पण क्लोरीनचे टनर आहेत. टनर म्हणजे ९०० किलो क्लोरीन मावणारं सिलिंडर. त्याच पानाला साइट प्लॅनची प्रिंट पिनने टाचलेली, तिच्यावर पेन्सिलीने वाऱ्याचे बाण, बाणांच्या टोकाला वस्ती आणि शाळा, आणि सोबत मेमोची कार्बन कॉपी: विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लावा, शाळेला आधी कळवायची सोय करा, गावकऱ्यांना नाका-तोंडावर ओलं फडकं धरायला शिकवा. धोकादायक कारखान्यांना इमर्जन्सी प्लॅन सक्तीचा करणारी फॅक्टरी अ‍ॅक्टची दुरुस्ती आली १९८७ ला, आणि हा माणूस त्या आठवड्यातच बसून हे लिहीत होता! मी तिथेच खाली बसून तीनदा वाचलं.

कंपनीची लॉगबुकं कधीच भंगारात जातात, राहतं ते असं घरात राहिलेलं. नोकरीचे कागद वेगळे, घरचे वेगळे अशी वाटणी करायची पद्धत आहे, पण इथे मी ती करणार नाही, दुधाचा हिशोब आणि क्लोरीन एका पानावर आहेत तर तसेच राहतील. प्रिंट्स तेवढ्या वेगळ्या फोल्डरमध्ये, उजेडापासून लांब, कारण त्या स्वतः फिकट होतात आणि शेजारच्या कागदालाही डाग पाडतात, गंजलेली पिन काढली पण काय कशाला टाचलं होतं ते लिहून ठेवलं. १९८७ ची डायरी अजून मिळालेली नाही. काकू म्हणाल्या, गोदरेजच्या कपाटात बघते, रविवारी ये.