दोन ठिपके दिसले, की झालं?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. पडद्यावर कुठल्यातरी दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्याचा रेडिओ नकाशा असतो, त्यात समोरासमोर दोन ठिपके असतात, आणि कुणीतरी विचारतं, "दोन्ही बाजूंना सारखंच दिसतंय, म्हणजे स्रोत सममित आहे. मग यात ओळखायचं काय राहिलं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॉम्पॅक्ट सिमेट्रिक ऑब्जेक्ट नावाचे खरोखर सममित, आटोपशीर रेडिओ स्रोत अशा नकाशांतून ओळखण्यातच माझ्या कामाचा मोठा भाग जातो, आणि तोच मला सगळ्यात जास्त आवडतो.

आधी थोडी ओळख. सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर भोवतालचं द्रव्य ओढून घेतं आणि दोन विरुद्ध दिशांना झोत फेकतं. सिग्नस ए या प्रसिद्ध दीर्घिकेत हे झोत लाखाहून जास्त प्रकाशवर्षं लांब जातात आणि टोकांना दोन अवाढव्य पाली (लोब), म्हणजे रेडिओ प्रारण देणारे फुगलेले ढग, तयार करतात. कॉम्पॅक्ट सिमेट्रिक ऑब्जेक्ट, थोडक्यात सीएसओ, यांचा आराखडा तोच, फक्त सगळा पसारा एक किलोपार्सेकच्या, म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांच्या आत. झोत अजून दीर्घिकेच्या बाहेरही पडलेले नसतात. व्हीएलएसारख्या ३६ किलोमीटर पसरलेल्या दुर्बिणीलाही असा स्रोत सहसा नुसता बिंदू दिसतो. त्याची दोन टोकं वेगळी करायला हवाईपासून कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटापर्यंत पसरलेल्या दहा अँटेना मिळून एकाच दुर्बिणीसारखं काम करणारं व्हीएलबीए हे जाळं लागतं. तिथलं सगळ्यात लांबचं अंतर सुमारे ८,६०० किलोमीटर आहे, त्यामुळे ६ सेंटिमीटर तरंगलांबीवर दीडेक मिलीआर्कसेकंदापर्यंतचा तपशील हाती लागतो (एक मिलीआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग).

आता दोन ठिपक्यांकडे येऊ. बहुतेक तेजस्वी, आटोपशीर रेडिओ स्रोतांमध्ये झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला असतो. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणारं द्रव्य आपल्याकडे येत असेल, तर त्याचं तेज सापेक्षतेमुळे कैक पटींनी वाढतं, आणि पलीकडे जाणारा झोत तितकाच मंद होऊन दिसेनासा होतो. अशा स्रोतात एक ठिपका म्हणजे झोताचा उगम, आणि दुसरा म्हणजे त्याच झोतातली एखादी चमकदार गाठ. नकाशात दोन ठिपके, पण दोन्ही एकाच बाजूचे! खऱ्या सीएसओमध्ये ठिपके केंद्राच्या दोन बाजूंना असतात. म्हणून मी पहिल्यांदा विचारते ते हेच, की केंद्र कुठे आहे. ते सापडल्याशिवाय 'सममित' म्हणायला काही आधारच नाही.

केंद्र शोधायचं ते वर्णपटावरून. पालींमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत सिंक्रोट्रॉन प्रारण देतात, आणि वारंवारता वाढली की त्यांचं तेज भराभर उतरतं. कृष्णविवराजवळचा गाभा इतका दाट असतो की तो कमी वारंवारतेवर स्वतःचंच प्रारण शोषून घेतो. त्यामुळे त्याचा वर्णपट सपाट असतो किंवा चक्क वर चढत जातो. म्हणून एकाच स्रोताचे ५ आणि १५ गिगाहर्ट्झचे नकाशे शेजारी ठेवायचे. १५ वर दोन्ही टोकं फिकी पडली आणि मधे कुठेतरी, आधी दिसतही नव्हता असा बारीकसा ठिपका वर आला, की मी खुर्चीत सावरून बसते. सपाट वर्णपटाचा ठिपका एका टोकाला निघाला, तर तो स्रोत यादीतून बाहेर.

वाचायला हे सोपं वाटतं, पण करताना दोन ठिकाणी फार जपावं लागतं. एक म्हणजे या नकाशांना स्वतःचा पत्ता नसतो. स्वयं-अंशशोधन करताना, म्हणजे स्रोताच्याच निरीक्षणांवरून अँटेनांच्या चुका सुधारताना, आकाशातलं नेमकं स्थान हरवतं, त्यामुळे दोन वारंवारतांचे नकाशे एकमेकांवर बसवायचे कसे, ते आपल्यालाच ठरवावं लागतं. ते काही मिलीआर्कसेकंदांनी जरी सरकले, तरी वर्णपटाचा नकाशा भलतंच काही सांगू लागतो. शिवाय दोन्ही नकाशांची बारकाई सारखी करून घ्यावी लागते, नाहीतर पसरट भाग वरच्या वारंवारतेवर नुसताच हरवतो आणि आपण त्याला तीव्र उताराचा वर्णपट समजून बसतो.

दुसरी जागा मला जास्त धोक्याची वाटते. प्रत्येक अँटेनावरचं वातावरण आणि घड्याळ वेगळं असल्यामुळे येणाऱ्या लहरींच्या कला (फेज), म्हणजे लहरीचा चढ-उतार कुठल्या क्षणी पोहोचतो ते, बिघडलेल्या असतात. त्या सुधारताना सुरुवातीला आपण एक साधं प्रारूप गृहीत धरतो, पुष्कळदा एकच बिंदू. पण बिंदूचं प्रारूप स्वतःच सममित असतं. त्यामुळे खऱ्या ठिपक्याची फिकट छाया केंद्राच्या विरुद्ध बाजूला उमटू शकते. म्हणजे जी सममिती आपण शोधतोय, नेमकी तीच पद्धतीतून आपोआप तयार होते! यावर उतारा म्हणजे तीन-तीन अँटेनांच्या कलांची बेरीज, तिला क्लोजर फेज म्हणतात. तिच्यात एकेका अँटेनाच्या चुका आपसात कटून जातात. केंद्राभोवती हुबेहूब सममित असलेल्या स्रोतासाठी ती शून्य किंवा १८० अंश यायला हवी. अगदी तशी ती क्वचितच येते, कारण खऱ्या सीएसओची दोन टोकंही तेजाने सारखी नसतात. पण विदा (डेटा) असममिती सांगतोय आणि नकाशा गुळगुळीत सममित दिसतोय, तर मी नकाशावर विश्वास ठेवत नाही.

एवढं सगळं जुळूनही आकाश चकवतंच. ०४०२+३७९ हा स्रोत सीएसओ म्हणूनच अभ्यासला जात होता. त्याच्या मध्यभागी सपाट वर्णपटाचे दोन ठिपके निघाले, आणि २००६मध्ये ती एकमेकांपासून सुमारे २४ प्रकाशवर्षांवरची दोन महाकाय कृष्णविवरं असल्याचं मांडलं गेलं.

म्हणून नुसत्या चित्रावर भागत नाही, काळाची साक्षही लागते. झोत आपल्या दिशेने नसेल, तर तेज फुगवणारा तो परिणाम जवळजवळ नसतो. अशा स्रोताचं तेज वर्षानुवर्षं स्थिर राहतं आणि त्याच्या भागांची हालचालही संथ असते. २००१मध्ये तर सीएसओंचा उपयोग इतर स्रोतांचं तेज पडताळायला करावा, असं दाखवून दिलं गेलं, इतके ते स्थिर. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या छाननीत याच दोन अटी जुन्या दोन अटींना जोडल्या. आकार एक किलोपार्सेकच्या आत आणि केंद्राच्या दोन्ही बाजूंना प्रारण हे आधीपासून होतंच. त्यात वर्षाला २० टक्क्यांहून जास्त चढउतार नको आणि भासमान वेग प्रकाशाच्या अडीच पटींहून जास्त नको, हे आलं (झोत आपल्याकडे येत असेल, तर त्याचा वेग प्रकाशाहून जास्त नुसता भासतो). तीन हजारांहून जास्त उमेदवारांमधून ७९ स्रोत या चाळणीत टिकले.

इतकं कडक का, हेही काहीजण विचारतात. कारण खरा प्रश्न या स्रोतांच्या आयुष्याचा आहे. १९९८मध्ये ओव्शियानिक आणि कॉनवे या खगोलशास्त्रज्ञांनी ०७१०+४३९ या स्रोताची दोन टोकं एकमेकांपासून दूर जाताना मोजली आणि त्याचं वय निघालं अवघं अकराशे वर्षांच्या आसपास. तेव्हा सरळ वाटलं की ही बाळं आहेत, मोठी होऊन सिग्नस एसारखी होतील. पण उंची कमी म्हणजे वय कमी असं नसतं. आयुष्य कोट्यवधी वर्षांचं आणि बाळपण काही हजार वर्षांचं असेल, तर बाळं अगदी विरळा सापडायला हवीत. तेजस्वी स्रोतांच्या नमुन्यांत मात्र सीएसओ ६ ते ८ टक्क्यांच्या घरात आहेत. लहानपणी स्रोत जास्त तेजस्वी असतो असं धरून यातला काही भाग समजावता येतो. पण २०२४च्या त्याच कामात दिसलं, की अतितेजस्वी सीएसओंची संख्या ५०० पार्सेकच्या आसपास एकदम तुटते. बरेचसे पुढे वाढतच नाहीत, काही हजार वर्षांत त्यांचं इंधन संपतं. एखादा मोठा तारा कृष्णविवराजवळ फाटून गिळला गेला, तर एवढी ऊर्जा पुरते, असं त्या लेखकांचं म्हणणं आहे. मला हे म्हणणं पटण्याजोगं वाटतं. पण ते उभं आहे त्या ७९ नावांच्या शुद्धतेवर. आपल्याकडे रोखलेला एखादा लांबलचक झोत त्यात शिरला, तर तिरक्या कोनामुळे तो आखूड दिसेल आणि आकारांची ती तुटलेली कड धूसर होईल.

आणि आता तर अशा झोतांची सुरुवातही पाहायला मिळतेय. १ईएस १९२७+६५४ या दीर्घिकेचं तेज डिसेंबर २०१७मध्ये एकाएकी वाढलं. २०२३च्या सुरुवातीपासून ती रेडिओतही भडकली, आणि त्यानंतर दूरदूरच्या अँटेना जोडून काढलेल्या (व्हीएलबीआय) नकाशांत गाभ्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अर्ध्या प्रकाशवर्षाएवढे विस्तार दिसू लागले, प्रकाशाच्या वेगाच्या २० ते ३० टक्के वेगाने बाहेर जाणारे. तिथेही मी पुन्हा तेच विचारणार: केंद्र कुठे आहे, आणि पुढच्या निरीक्षणात दोन्ही बाजू त्याच्यापासून सारख्याच सरकल्या का?